फाटके कान जोडून मिळतील

२ मार्च २००३, रविवार. शिरूर.

लिहायला बसण्याचं कारण एकच. काल सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कानाला औषध कोणत्या तारखेला लावलं? दुसऱ्यांदा कधी? पू कधी दिसला?" मला सांगता आलं नाही. एकतीस वर्षं वर्गाचं हजेरीपत्रक भरलं, खाडाखोड नाही. आणि स्वतःच्या कानाच्या तारखा सांगता येईनात. डॉक्टरीण तिशीची. म्हणाली, "मावशी, आजपासून लिहून ठेवा." मावशी म्हटलेलं आवडलं नाही. सांगणं बरोबर होतं.

आठवून लिहिते.

शनि. १५ फेब्रु. बाजार. दिलीप सोनाराच्या दुकानात गेले. दिलीप माझा विद्यार्थी, १९८४ची दहावी. बाहेर कापडी फलक : 'फाटके कान बिनटाके जोडून मिळतील.' आत पांढऱ्या कोटातला एक माणूस, दर बाजाराला येतो. डाव्या पाळीच्या फाटलेल्या दोन्ही कडांना काडीनं पांढरं औषध लावलं. आग. वर चिकटपट्टी. "पाणी लावू नका. हा भरला की दुसरा कान."

शनि. २२. परत तेच औषध. जास्त आग.

मंगळ. २५. वास.

शनि. १ मार्च. पट्टी काढली. पाळीचा खालचा तुकडा पट्टीबरोबर आला.

एवढंच.

४ मार्च.

ड्रेसिंग. इंजेक्शन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते औषध म्हणजे ॲसिड. कातडी जाळायची, कच्च्या कडा एकमेकींना चिकटवायच्या. चिकटलं तर नशीब. "जोडण्याचं काम टाके घालूनच होतं, आणि ते सर्जनचं."

पाळ्या फाटल्या झुब्यांनी. लग्नातले फुलं-झुबे, वजनदार, पस्तीस वर्षं घातले. भोकं लांबत लांबत दोन वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंनी सुटली. तेव्हापासून मोकळे कान.

आज जाऊबाई येऊन गेल्या. कान बघायला आल्या होत्या, बोलून गेल्या. "भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली. आता कान कुणाला दाखवायचे होते बाई?"

म्हटलं, "मला. आरशात मीच बघते."

चहा न घेता गेल्या. साखर वाचली.

५ मार्च.

झोपताना उजव्या कुशीवर. मान दुखते.

चूक कुठं झाली ते लिहून ठेवते, नाहीतर पुढं स्वतःशीच खोटं बोलेन. त्या माणसाला मी विचारलं होतं, शिक्षण काय? त्यानं भिंतीकडं बोट दाखवलं. काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र, सोनेरी शिक्का. मी मान हलवली आणि खुर्चीत बसले. वाचलं नाही. खोटे शाळा सोडल्याचे दाखले मी शाई बघून ओळखत असे. पण दुकान दिलीपचं, आणि लहानपणी आमचे सगळ्यांचे कान सोनारानंच टोचलेले. कान म्हटलं की सोनार, हे हाडात बसलेलं. टोचणं वेगळं, जोडणं वेगळं, एवढं बी. ए. झालेल्या बाईला कळलं नाही.

८ मार्च, शनि.

बाजार. पट्टी न लावता, पदर कानावर न घेता दिलीपच्या दुकानात गेले. बाकावर सात बायका. कानवाला एकीच्या कानाला काडी लावत होता.

मला बघून म्हणाला, "आजी, तुम्ही पाणी लावलं असणार."

"आजी तुझ्या घरी असतील. मला इथं बाई म्हणतात."

दिलीप मधे आला. "बाई, आत बसा ना. सावलीत बोलू."

स्टूल ओढलं, चढले, चौकट भिंतीवरून काढली. मोठ्यानं वाचलं. कुठल्याशा तीन दिवसांच्या 'कर्ण-सौंदर्य शिबिरास उपस्थित राहिल्याबद्दल.' पदवी नाही. नोंदणी क्रमांक नाही. सोनेरी शिक्का लग्नपत्रिकेवर असतो तसला.

"तीन दिवसांत आम्ही पाढेसुद्धा शिकवत नव्हतो," म्हटलं.

चार बायका उठल्या. तिघी बसून राहिल्या. त्यातली एक मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाईंचा कान जून हाय. आपलं ताजं हाय."

बाहेर तान्हूबाई भेटली. भाजी विकते, आमच्याच आळीतली. तिच्या उजव्या कानाला पट्टी. "आवो बाई, तुमीच तर सांगितलं व्हतं, चांगला मानूस हाय म्हनून. तवा म्या गेले."

खरंच सांगितलं होतं. १६ फेब्रुवारीला, नळावर. आणखी कुणाकुणाला सांगितलं ते आठवून यादी केली. नऊ नावं. दहावी कुसुम.

११ मार्च.

कुसुमचा फोन, दौंडहून. माझी धाकटी बहीण. अंजलीचं, तिच्या मुलीचं, लग्न १८ मेला. तो माणूस रविवारी दौंडला बसतो म्हणे, दुसऱ्या एका सोनाराकडं. कु. जाणार आहे.

"तूच फोन करून सांगितलं होतंस आक्का. आता तूच नको म्हणतेस."

"माझा कान सडलाय."

"तुला न्हाई लागू पडलं. म्हणून काय कुणालाच पडत न्हाई?"

"तुला साखर आहे कुसुम."

ते सोडून म्हणाली, "विहिणीसमोर फाटक्या कानानं उभी राहू व्हय? सगळे फोटो काढणार."

फोन ठेवला तिनं. तिची साखर मागच्या दिवाळीत तीनशेच्या घरात होती. पायाला चप्पल लागली होती, ती जखम भरायला दोन महिने लागले. ॲसिडनं जळलेला कान भरेल? माझी साखर नॉर्मल आणि माझे हे हाल.

१३ मार्च.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, खरा डॉक्टर ओळखायचा कसा. ड्रेसिंग करता करता सांगितलं. पदवीचं पूर्ण नाव विचारा. नुसता फलक बघून चालायचं नाही, फलकावर वाट्टेल ती अक्षरं लिहिता येतात. मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, खरा डॉक्टर चिडत नाही. काम तो स्वतः करणार की दुसरं कुणी, ते विचारा. काही बिघडलं तर पुढं काय, तेही. "आणि मावशी, जो तुम्हाला साखर, बी. पी., कसली गोळी चालू आहे हे विचारत नाही, त्याला कानाला हात लावू देऊ नका."

परत मावशी. या वेळी खुपलं नाही.

१६ मार्च, रवि. दौंड.

सकाळच्या एस. टी.नं आले. कु. नऊला निघणार होती, मी साडेआठला दारात. वसंतराव, तिचे यजमान, रेल्वेतून रिटायर. दार उघडून म्हणाले, "आलं इन्स्पेक्शन."

कान दाखवला. कु.नं लांबूनच बघितला, जवळ आली नाही. अंजली रडली. मला रडणं नको होतं, डोळे उघडणं हवं होतं. कु. म्हणाली, "बरं, त्याच्याकडं न्हाई जात. मग दुसरं कुठं ते सांग. कान तर पाह्यजेतच."

वसंतराव म्हणाले, स्टेशनच्या बाजूला एक मोठं स्किन क्लिनिक झालंय. गेलो तिघं. काच, एसी, भिंतीवर गोऱ्या बायकांची चित्रं. डॉक्टरांच्या नावापुढं अर्धी बाराखडी.

काउंटरवरची मुलगी गोड. "मॅडम, कान होऊन जातील. आजच करू."

"डॉक्टर कुठं आहेत?"

"सर महिन्यातून दोनदा येतात. बाकी मीच करते."

"शिक्षण?"

"ब्यूटी पार्लरचा कोर्स, मॅडम. आणि सरांनी शिकवलंय."

"सरांचा नोंदणी क्रमांक?"

पोरगी कु.कडं बघायला लागली. कु. माझा हात ओढत, "चल आक्का. तू काय मार्कं द्यायला आलीस?"

साखर कुणीही विचारली नाही.

१८ मार्च.

मुंबईला पत्र टाकलं, कौन्सिलला. पुण्यातले तीन सर्जन डॉक्टरीणबाईंनी सुचवले होते, तिघांची नावं पाठवली. उत्तर येईल तेव्हा येईल. तिघांच्या दवाखान्यात फोनही केले. दोघांनी नंबर फोनवरच सांगितला. तिसऱ्याकडची बाई म्हणाली, "असं कुणी विचारत नाही." तो कटाप.

कान आता कोरडा. पाळीच्या जागी गुलाबी, सुरकुतलेली कड.

२७ मार्च, गुरु. पुणे.

कु. आणि मी. डॉ. स., प्लास्टिक सर्जन. तासभर बाहेर बसलो. कु. नवी साडी नेसून आली होती, जणू आजच कान करून परत जायचं.

आधी मी. भिंगातून बघितलं. म्हणाले, सहा महिने हात लावणार नाही. जखमेची कड मऊ पडू दे. खालचा भाग गेलाय तो गेलाय. बाजूची कातडी घेऊन काही करता येईल, पूर्वीसारखं होईल असं वचन देत नाही. मी विचारलं, किती करून दाखवलेत असे? सांगितलं. किती बिघडले? तेही सांगितलं, दोन, आणि कशानं. नोंदणी क्रमांक विचारायच्या आधीच कागदावर छापलेला.

मग कु.चा नंबर. साखर विचारली, गोळ्या विचारल्या, पायाची जखम बघितली, तिथंच सुई टोचून तपासलं. दोनशे ऐंशी.

"नाही," म्हणाले.

कु. म्हणाली, "डॉक्टर, माझ्या लेकीचं लगीन हाय. अठरा मेला."

"लग्न होऊ द्या. साखर खाली आली, तीन महिने खाली राहिली, की या. अर्ध्या तासाचं काम आहे. आत्ता केलं तर मी टाके घालीन आणि तुमचा कान ते सोडून देईल."

परतीला शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा कु. म्हणाली, "पुण्याला नेऊन मला 'नाही' दाखवलंस. तो सोनाराकडचा निदान हो म्हणतो."

"म्हणूनच तो नको."

"तुझं बरं हाय. तुला कुणासमोर उभं राह्यचं न्हाई."

लागलं.

रात्री इथं शिरूरलाच राहील असं वाटलं होतं. उतरली आणि दौंडच्या गाडीत चढली. मागं वळून बघितलं नाही.

२९ मार्च.

वाटलं तसं सोपं नाही हे. ज्यानं मला हो म्हटलं त्याच्याकडं मी दोनदा गेले. ज्यानं नाही म्हटलं त्याच्यावर मलासुद्धा गाडीत थोडा राग आला होता. कु.ला मी कोणत्या तोंडानं शिकवू. तरी शिकवणार.

५ एप्रिल, शनि.

दिलीप घरी आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. मी तक्रार लिहितेय हे त्याला कळलंय. अंगणातच उभा.

"बाई, माझ्या आज्यापासूनचं दुकान. नाव जाईल."

"माझा कान गेला."

"माझ्या मालकिणीचे पण त्यानंच केले. चांगले झाले ना. खोटं नाही सांगत."

"झाले असतील. वीस पोरं अभ्यास न करता पास होतात. म्हणून अभ्यास बंद करायचा?"

हसला. वर्गात मागच्या बाकावर बसून हसायचा तसाच. म्हटलं, त्या औषधाची बाटली दे. म्हणाला, ती त्याची आहे, माझ्या कपाटात नुसती ठेवलेली असते. म्हटलं, मग कपाट तुझं आहे. गेला. पुडा परत पाठवला.

१४ एप्रिल, सोम.

जयंती. सकाळी पांढरी साडी, विहारात वंदना. संध्याकाळी महिला मंडळाच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटं बोलायचं होतं. पत्रिकेत विषय 'स्त्री आणि शिक्षण'. मी कानावर बोलले.

उभी राहिले, डावी बाजू लोकांकडं केली आणि म्हटलं, हे बघा. मी शिकलेली. मला फसवलं, आणि फसल्यावर मी तुमच्यातल्या नऊ जणींना तिकडंच पाठवलं. नावं घेतली, नऊच्या नऊ. माफी मागितली. माफी मागताना आवाज बारीक होऊ दिला नाही.

अध्यक्ष खाली वाकून कुजबुजले, "बाई, आज विषय जरा वेगळा..."

"बदललाय," म्हटलं.

मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पदवी विचारा, क्रमांक विचारा, हात कुणाचा लागणार ते विचारा. लाजू नका. भाजी घेताना वांगं फोडून बघता, कान तसाच देता?

मागून कुणीतरी, "बाईंनी फटकावलं."

कार्यक्रम संपल्यावर तान्हूबाई सगळ्यात पुढं. तिचा कान अर्धा चिकटलाय, अर्धा कडक गाठ. "लिवा माझं नाव. सही येती मला. तुमीच शिकवली रातच्या वर्गात."

सहा सह्या झाल्या. तिघींनी दिल्या नाहीत. एकीच्या नवऱ्यानं नको म्हटलं, दोघींचे कान नीट झालेत. नीट झाले तेही तक्रारीत लिहिणार.

जाऊबाई पहिल्या रांगेत होत्या. जाताना पाण्याचा ग्लास हातात दिला.

२७ एप्रिल, रवि. दौंड.

एक महिना झाला, कु.चा फोन नाही. स्वतःच आले. दार वसंतरावांनी उघडलं. कु. घरात नाही. म्हटलं, कुठं? आज रविवार, कानवाल्याचा दिवस.

"चालायला गेलीय. रोज पहाटे जाते. आज दोन फेऱ्या."

आली. घाम, पायात कापडी बूट, अंजलीचे जुने. कान तसेच, फाटलेले, कोरडे, स्वच्छ. मी बघतेय हे तिनं बघितलं.

"तुझ्यासाठी न्हाई चालत," म्हणाली. "डॉक्टरनं लेकीच्या लग्नाचं ऐकूनसुद्धा न्हाई म्हटलं. कवाच कुणी मला असं न्हाई म्हटलं नव्हतं. बघतेच म्हटलं."

शुक्रवारची साखर दोनशे दहा. चहा बिनसाखरेचा दिला, मलाही. पिववेना. प्यायले.

१० मे, शनि.

बाजार. दिलीप आला, स्वतः. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली पायरीवर ठेवली. कानवाला गेले तीन बाजार आलाच नाही म्हणे. दुसरीकडं कुठं बसत असेल.

"माझं नाव लिहू नका बाई."

"लिहीन. त्याला जागा कुणी दिली तेही लिहीन आणि बाटली कुणी आणून दिली तेही लिहीन."

"दोन्ही लिहिणार?"

"दोन्ही."

"मग लिहा," म्हणाला. फलक काढलाय म्हणाला. संध्याकाळी मुद्दाम त्या रस्त्यानं गेले. काढलाय. खिळे आहेत.

१८ मे, रवि. दौंड.

लग्न पार पडलं. अंजली छान दिसली. ऊन फार.

कु.नं केस मागं घट्ट बांधले, कान झाकायचा काही प्रयत्न केला नाही. विहीणबाई ठसठशीत. जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, "एवढा खर्च केलात, आन् कान तेवढे राहिले व्हय?"

मी उठणार होते. कु.नं माझ्या मांडीवर हात दाबला.

"राहिले. पण जागेवर हायेत," म्हणाली. "आमच्या आक्काचा बघा. आक्का, वळ की जरा."

वळले. काय करणार. अख्खी पंगत माझ्या कानाकडं बघत होती. कु.नं सोनाराकडचं आणि पुण्याच्या डॉक्टरचं सगळं सांगितलं. विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "पुण्याच्या त्या डॉक्टरचं नाव काय म्हणालात?"

कु. म्हणाली, "आधी साखर किती तुमची?"

२६ मे, सोम. शिरूर.

कौन्सिलचं उत्तर शनिवारी आलं. दोन नावं नोंदणीत आहेत. डॉ. स. त्यातले.

सकाळी कु. आली, न सांगता. तक्रार द्यायला सोबत येते म्हणाली. पिशवीतून एक चिठ्ठी काढली. दौंडच्या त्या सोनाराची, नंबराची. ३० मार्च, रविवार, नंबर सहा. पुण्याहून आल्यावर तीनच दिवसांनी.

"गेली होतीस?"

"गेले होते. पाचवीचं चाललं होतं तवा उठून आले."

"का उठलीस?"

"खुर्ची टोचत होती."

चिठ्ठी माझ्या हातात देत म्हणाली, "ही पण लाव कागदाला."

तालुका आरोग्य कार्यालय, अकराला. क्लार्क म्हणाला हे पोलिसांकडं. पोलीस म्हणाले हे आरोग्याकडं. परत येऊन बाकावर बसलो दोघी, सव्वादोनपर्यंत. क्लार्कचा डबा खाऊन झाला, आम्ही तिथंच. शेवटी म्हणाला, "द्या बाई. पण साहेब मीटिंगला गेलेत. कारवाईचं मी काही सांगत नाही."

"तुम्ही फक्त पोच द्या."

दिलेलं, त्याच्यासमोर मोजून :

तक्रार अर्ज, चार पानं, माझ्या अक्षरात. माझ्याखेरीज सह्या सात. शेवटची कुसुमची, तिथंच उभ्यानं केलेली.

माझ्या डाव्या कानाचे फोटो दोन. तान्हूबाईच्या उजव्या कानाचा एक.

सरकारी दवाखान्याचे केसपेपर.

बाटली एक, बिनलेबलची, पाऊण भरलेली. दिलीपनं दिली, तसं लिहिलेलं.

चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं नाही. त्यावरचा मजकूर आठवून लिहिला, 'आठवून' असा शेरा मारून.

नंबराची चिठ्ठी एक, नंबर सहा, न वापरलेली.

बाटली हातात घ्यायला क्लार्क तयार नव्हता. टेबलावर ठेवली. त्यानं खाली कागद सरकवला. पोच मिळाली, शिक्का आहे, सही वाचता येत नाही. सही कुणाची विचारलं, नाव खाली लिहून घेतलं.